दोन काचांमधला पाहुणा

माझ्या हातून तीन माणसं दोन काचांच्या मध्ये कोंडली गेली, हे खरं आहे. पण ती मी मुद्दाम कोंडली, असं जे आमच्या इमारतीत पसरवलं जातंय ते साफ खोटं आहे. त्या तिघांत एक माझे सासरे होते, एवढ्यावरून कोणी काही अर्थ काढत असेल तर त्याने आधी स्वतःच्या सासऱ्यांबद्दल मनात काय आहे ते तपासून पाहावं.

आमच्या इमारतीला रस्त्याच्या बाजूने एकापाठोपाठ एक अशी दोन काचेची दारं आहेत. बाहेरचं उघडलं की माणूस मधल्या चौकोनात येतो, बाहेरचं लागतं, मग आतलं उघडतं. कोणाला आत घ्यायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम माझ्या सासऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी लिहिला. ते पहिल्या मजल्यावर राहतात, आम्ही चौथ्या. वीस वर्षांत हा प्रोग्रॅम एकदाही बंद पडलेला नाही, हे ते स्वतःच्या तोंडाने कधी सांगत नाहीत. कोणाचा फ्रीज, गाडी किंवा संसार बंद पडल्याची बातमी आली की ते फक्त दाराकडे बघतात.

मीही प्रोग्रॅमच लिहितो. एका ऑफिसात त्याचाच पगार घेतो. पण मी लिहितो ती भाषा नवी, सासऱ्यांची जुनी. आता वास्तविक एकाच धंद्यातले दोघं जण, एकाच जिन्याने वर-खाली करणारे, किती गप्पा झाल्या पाहिजेत! पण लग्नाला चौदा वर्षं झाली तरी आमचं बोलणं बायकोमार्फत चालतं. मी समोर बसलेलो असतो आणि सासरे तिला विचारतात, "त्यांना पंखा मोठा हवाय का?" मीही तिलाच सांगतो, "आहे तो ठीक आहे म्हणावं." मग ती बाबांना सांगते की ठीक आहे. या व्यवस्थेत पंख्याची काही गैरसोय झालेली नाही, पण बायकोची फार होते. एकदा ती आठवडाभर मैत्रिणीच्या लग्नाला गेली होती, तेव्हा आम्ही दोघंही आठवडाभर जिन्यात एकमेकांकडे बघून नुसता खाकरत होतो.

तर सगळं सुरू झालं ते पाहुण्यांपासून. सासऱ्यांच्या प्रोग्रॅमला रहिवासी कळतो, पाहुणा कळत नाही. पाहुणा आला की रहिवाशाने खाली यायचं. तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. पेशंट तोंड उघडून बसलेला असताना पुढच्या पेशंटसाठी दार उघडायला जायचं, याला त्या कंटाळल्या होत्या. आमचे अध्यक्ष वजन-मापे खात्यातून निवृत्त झालेले. खिशात कायम मोजपट्टी असते. त्यांनी कुठल्याशा कंपनीच्या टायवाल्या विक्रेत्याला बोलावलं. त्याने रंगीत कागद दाखवले. समितीने ठरवलं, जुन्या प्रोग्रॅमला महिन्याभरात पाहुणा ओळखता आला तर ठीक, नाहीतर तो भंगारात आणि कंपनीचं यंत्र दारात. निकाल महिनाअखेरच्या रविवारच्या सभेत.

त्या दिवशी बायकोने खालून येऊन चहाचं आधण ठेवलं. मग म्हणाली, "बाबांनी पेपर उलटा धरला होता. मी सरळ करून दिला तर म्हणाले, राहू दे."

"लिहितील की ते. त्यांना काय अवघड आहे?"

"त्यांच्या भाषेची हत्यारंच आता मिळत नाहीत. आहे ते चालतं, नवीन काही जोडता येत नाही. तुझ्या भाषेतून जोडता येतं म्हणे." आणि मग तिने ते स्पष्टच बोलून टाकलं. "दार गेलं ना, तर बाबा सकाळी उठून करतील काय? आई गेल्यापासून त्यांना दुसरं आहे काय?"

यावर नवऱ्याने काय म्हणायचं असतं ते मी म्हणालो. मनात मात्र मला वेगळंच दिसत होतं. सभा भरली आहे, माझा पाहुणा दोन्ही दारांतून डौलात आत येतोय, आणि सासरे थेट माझ्याकडे बघून, मध्ये कुणालाही न घालता, "वा" म्हणतायत. एका "वा"साठी माणूस काय काय करतो हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

इथे थोडं धंद्याचं सांगणं भाग आहे. घाबरू नका. प्रोग्रॅममध्ये प्रकार असतात. सासऱ्यांचा प्रकार 'रहिवासी'. त्याच्यावरून मी नवा प्रकार काढणार, 'पाहुणा'. म्हणजे रहिवाशाकडे जे आहे, नाव, घर नंबर, दार उघडण्याचा हक्क, ते पाहुण्याला वारसाने मिळणार, वर त्याची स्वतःची एक मुदत. आणि प्रत्येक नवा रहिवासी किंवा पाहुणा तयार होताना त्याच्या अंगावर या सगळ्या गोष्टी चढवणारा एक भाग लिहावा लागतो, त्याला इनिशियलायझर म्हणतात. मी त्याला घडण म्हणतो. एवढंच. यात आपापसात भांडण होण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल.

सासऱ्यांच्या भाषेत बापाच्या सगळ्या घडणी मुलाला आपोआप मिळतात. तयार होताना मुलाने आधी बापाची घडण पुरी करायची आणि मग आपल्या वस्तू मांडायच्या. काही मांडायची राहिली तर जुनी भाषा ओरडत नाही, गुपचूप रिकामी ठेवते. माझ्या भाषेत नेमकं उलटं. मुलाने आधी आपलं सगळं आवरायचं आणि मग बापाकडे जायचं. शिवाय मुलाने स्वतःची एक जरी घडण लिहिली, तर बापाच्या घडणी त्याला मिळत नाहीत. स्वतंत्र व्हायचंय ना? मग सगळं स्वतः लिही.

हे मी जेवताना बायकोला सांगितलं, तिने खाली जाऊन सांगितलं, आणि वर येऊन निरोप दिला. "बाबा म्हणाले, आधी आपण आणि मग बाप? ही कुठली भाषा? हिला कोणी वळण लावलं नाही का?"

"म्हणावं, ही भाषा निदान रिकाम्या हाताने कोणाला बाहेर तरी सोडत नाही."

ती गेली, आली. "म्हणाले, बरोबर, आत तरी कुठे घेते?"

माझं डोकं फिरलं. त्याच दुपारी कंपायलर, म्हणजे नव्या भाषेचा तो खडूस तपासनीस, आडवा आला. त्याचं म्हणणं असं की रहिवाशाकडे एक सक्तीची घडण आहे. साठवलेल्या यादीतून माणूस पुन्हा उभा करायची ती घडण. ती पाहुण्यानेही लिहिलीच पाहिजे. आता ही घडण माझ्या पाहुण्याला कधीच लागणार नव्हती. मी त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने चाळीस ओळींची नवी घडण लिहिली होती. तीत पाहुण्याचं नाव, काम, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, तो जायला सांगितल्यावर किती वेळात उठतो इथपर्यंत सगळं होतं. अशा वेळी आमच्या धंद्यातला प्रत्येक माणूस एकच करतो. तपासनिसाचं तोंड बंद करायला त्या जागी लिहून टाकतो, 'ही घडण नाही, इथे कोणी आलं तर प्रोग्रॅमने मरावं', आणि विसरून जातो. मरताना काय बोलावं, हेही लिहायची सोय असते. रागाच्या भरात मी लिहिलं, 'हा रस्ता सासऱ्यांचा. इथून कोणी येणार नाही. आलाच तर मी मेलो.'

कोण वाचणार होतं?

पुढचे पंधरा दिवस मी चाचण्या घेतल्या. बायको पाहुणी म्हणून आली, दार उघडलं. दूधवाला आला, उघडलं. डॉक्टरीणबाई स्वतःच्याच दवाखान्यात पाहुण्या म्हणून सहा वेळा आल्या. प्रत्येक चाचणीनंतर मी तो पाहुणा नीट पुसून टाकत होतो, कारण मला टापटीप आवडते. ही टापटीपच मला नडली. सासऱ्यांचा प्रोग्रॅम आठवड्यातून एकदा साठवलेली यादी उघडतो आणि तिच्यातून सगळी माणसं जुन्या पद्धतीने पुन्हा उभी करतो, पण त्या वेळी यादीत माझा एकही पाहुणा उरलेला नसायचा. कधी? रविवारी सकाळी अकराला. का? तर वीस वर्षांपूर्वी सासऱ्यांना सुट्टी रविवारी असायची आणि अकराला ते अंघोळ करून मोकळे व्हायचे. हे सांगायला ते मला थेट भेटले असते तर पुढचं काही घडलं नसतं. बायकोला सांगितलं होतं म्हणे, पण तिने मला त्याच वेळी पंख्याचंही विचारलं होतं, आणि मी त्याचंच उत्तर दिलं.

सभेचा रविवार उजाडला. मी बाहेर पायरीवर लॅपटॉप घेऊन, त्याची वायर दाराच्या खांबात खुपसून, नवीन शर्टात उभा. मधल्या चौकोनात अध्यक्ष आणि सासरे. आत, दुसऱ्या काचेमागे, बायको आणि बाकीचे रहिवासी. पाहुणा कोण? तर टायवाला विक्रेता. ही माझीच खोचक कल्पना. प्रतिस्पर्ध्यालाच आपल्या दारातून न्यायचं! अकराला पाच कमी असताना मी त्याची घडण केली. चाळीसच्या चाळीस ओळी चालल्या. बाहेरचं दार उघडलं, टायवाला चौकोनात गेला, दार मागे लागलं. आत लोक टाळ्या वाजवताना दिसले. मग अध्यक्षांनी दाराच्या फटीचं माप घेण्यासाठी सगळ्यांना थांबवलं. तीन मिलिमीटर, दोन मिलिमीटर, असं चालू असताना अकरा वाजले.

प्रोग्रॅमने यादी उघडली. एकेक रहिवासी उभा केला. मग त्याला टायवाला पाहुणा सापडला, आणि त्याला उभं करायला तो सक्तीच्या घडणीच्या रस्त्याने निघाला.

सासऱ्यांची दोन तत्त्वं आहेत. एक, शंका आली की दोन्ही दारं बंद. दोन, चूक लपवायची नाही. म्हणून प्रोग्रॅम मरताना जे बोलेल ते चौकोनातल्या पडद्यावर टपोऱ्या अक्षरांत दिसावं, अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच करून ठेवलेली. खट्ट आवाज झाला. दोन्ही दारं कुलूपबंद झाली. आणि पडद्यावर माझं वाक्य उमटलं. टायवाल्याने ते ओठ हलवत सावकाश वाचलं. अध्यक्षांनी वाचलं. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि दोनदा वाचलं.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण पायरी सिमेंटची होती.

"वीज बंद करा!" रस्त्यावरून कोणीतरी सुचवलं. सासऱ्यांनी बॅटरी लावलेली आहे, तीन दिवस पुरते. "काच फोडा!" ती अध्यक्षांनी स्वतः निवडलेली बारा मिलिमीटरची, हातोडा परत आला. मोबाइलला त्या चौकोनात रेंज नाही आणि काचेतून आवाज जात नाही. डॉक्टरीणबाई त्यांच्या मागच्या दाराने वळसा घालून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "भूल देऊन बघायचं का?" कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी अग्निशामक दलाला फोन लावला.

"आग कुठे आहे?"

"आग नाही. तीन माणसं अडकलीयत."

"पाण्यात?"

"काचेत."

"मग अर्ज लागेल. इमारतीच्या अध्यक्षांच्या सहीचा."

"अध्यक्षच आत आहेत!"

"मग त्यांना आतून सही करायला सांगा. दाराखालून सरकवा कागद."

दाराखालून कागद सरकत नव्हता. मागच्याच महिन्यात अध्यक्षांनी तिथे रबरी पट्टी बसवून घेतली होती, मुंगीसुद्धा जाणार नाही अशी. सभेत त्यांचा सत्कारही झाला होता.

आता उपाय एकच, प्रोग्रॅम दुरुस्त करणे. पण मी बाहेरून माझा भाग बदलला तरी सासऱ्यांचा भाग पुन्हा सुरू करायचं बटण आत, त्यांच्या हाताशी. आणि आमचे निरोप पोचवणारी बायको पलीकडच्या काचेमागे. तिने मला फोन केला. "मला बाबांची नुसती पाठ दिसतेय. काय म्हणतायत ते?"

"काहीच म्हणत नाहीयेत. माझ्याकडे बघतायत."

"मग तू बोल ना त्यांच्याशी!"

"कसं?"

"लिहून दाखव!"

डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहायच्या चिठ्ठ्यांचं पॅड दिलं, वर दाढेचं चित्र असलेलं. सासऱ्यांनी सभेच्या पाठकोऱ्या कार्यक्रमपत्रिका घेतल्या. मी पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं, 'पडद्यावरचं मनावर घेऊ नका', आणि काचेला लावलं. त्यांनी उत्तर लावलं, 'आधी वडील, मग आपण.'

मी लिहिलं, 'नव्या भाषेत आधी आपण.'

'म्हणूनच आम्ही आत आहोत.'

इथे मी शांत राहायला हवं होतं. पण मीही दुसरी चिठ्ठी फाडली. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं काचेच्या दोन बाजूंनी एकमेकांना कागद दाखवत होतो, आणि मागे जमलेली गर्दी ते मोठ्याने वाचत होती. गर्दीत लगेच दोन तट पडले. बापांचा आणि मुलांचा. एका गृहस्थांनी स्वतःच्या मुलाला तिथेच धरून विचारलं, "बघ, कळतंय का काही?" अध्यक्षांनी टाय सैल करण्याचा सल्ला टायवाल्याला दिला, तर तो म्हणाला कंपनीचा नियम आहे, असं मागाहून कळलं. बिचाऱ्याला घाम फुटला होता. खरं तर मलाही फुटला होता. चौकोनात सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस उभा होता, बसायला काही नव्हतं, आणि त्यांनी एका हाताने काचेचा आधार घेतला. ते पाहिलं आणि माझ्यातलं भांडण एकदम संपलं. मी लिहिलं, 'चूक माझी. काय करू?'

त्यांनी नवी पत्रिका उलटी केली. मग कागद लावला. 'पाहुण्याचं स्वतःचं काय काय आहे?'

'मुदत. बाकी सगळं हौस.'

'मुदत आधीच ठरवून ठेवा. एक दिवस. तुमची घडण काढून टाका. मुलाने स्वतःची घडण लिहिली नाही, आणि त्याचं सगळं आधीच भरलेलं असलं, तर बापाच्या सगळ्या घडणी त्याला मिळतात. सक्तीचीसुद्धा. तुमच्याच भाषेचा नियम आहे.'

मी दोनदा वाचलं. नियम होता. मला माहीत होता. पण सासऱ्यांना कसा माहीत?

फोनवर बायको होती. "महिनाभर तुझ्या भाषेचं पुस्तक वाचतायत रे. तुला सांगू नको म्हणाले होते."

मी चाळीस ओळी निवडल्या. प्रत्येक ओळ मी पोटच्या पोरासारखी वाढवली होती. जायला सांगितल्यावर पाहुणा किती वेळात उठतो, ही तर माझी खास होती. सगळ्या पुसल्या. सक्तीच्या घडणीच्या जागी लिहिलेलं ते माझं वाक्यही पुसलं. उरली एक ओळ: मुदत, एक दिवस. मी मान हलवली. सासऱ्यांनी बटण दाबलं. यादी उघडली, रहिवासी उभे राहिले, आणि त्यांच्या मागोमाग टायवाला पाहुणा बापाच्याच रस्त्याने सुखरूप उभा राहिला. आतलं दार उघडलं.

सभा जिन्यातच झाली. अध्यक्षांनी टायवाल्याला विचारलं, "तुमचं यंत्र असतं तर आम्ही किती वेळ अडकलो असतो?" तो भला माणूस होता. म्हणाला, "रविवारी तक्रार घेत नाहीत. माणूस मंगळवारी आला असता." हात वर झाले आणि दार राहिलं. सासऱ्यांनी कोणाकडेही पाहिलं नाही. ते घरी जाऊन झोपले. "वा" बिलकूल म्हणाले नाहीत, हे मी बायकोला तीन वेळा सांगितलं.

संध्याकाळी आमची बेल वाजली. बायकोने दार उघडलं. सासरे वहीसकट उभे होते. ती म्हणाली, "बाबा! काय हवंय?"

"तुझ्याकडे नाही," ते म्हणाले. "त्यांच्याकडे काम आहे."

मी उठून उभाच राहिलो. ते येऊन माझ्यासमोर बसले आणि वही उघडली. "हे आधी आपण, मग वडील, असं का ठेवलंय? पुस्तकात नियम आहे, कारण नीट लिहिलेलं नाही. मला पटणार नाही, पण सांगा."

मी खाकरलो. मग सांगितलं. "बापाची घडण चालू असताना बाप मध्येच मुलाला एखाद्या कामासाठी हाक मारू शकतो. तेव्हा मुलगा अर्धवट असेल तर त्याच्या हातात काहीच नसतं. म्हणून मुलाने आधी आपलं आवरून तयार राहायचं."

"म्हणजे बाप हाक मारेल तेव्हा मुलगा तयार असावा."

"हो."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. स्वयंपाकघरात बायकोने भांडं खाली ठेवलं, पण आवाज होऊ दिला नाही.

"आणि बापाने हाक मारलीच नाही तर?"

मी म्हणालो, "तर मुलगा नुसताच तयार बसतो."

त्यांनी वही मिटली, उठले, दारापर्यंत गेले, चपला घातल्या. मग वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "उद्या सकाळी खाली ये. बॅटरीचं कसं आहे ते दाखवतो."

"नऊला येऊ?"

"साडेआठला," ते म्हणाले.